कोळेकर सरांची बिनसाखरेची कॉफी

पातेल्यावर झाकण ठेवले की कोळेकर सर भोवतालच्या सगळ्यांना गप्प करत. "आता कुनी बोलायचं न्हाय. निवळू द्या." समोर शाळेचे मास्तर असोत, गावचा सरपंच असो, नाहीतर चुलीचा धूर बघून सहज डोकावलेला एसटीचा कंडक्टर असो, हुकूम एकच. आणि गंमत म्हणजे माणसे ऐकत. भिगवणच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, डिसेंबरच्या थंडीत तीन दगडांच्या चुलीभोवती चांगली वजनदार माणसे एका झाकणाकडे टक लावून बसलेली मी पाहिली आहेत. ग्रामसभेत ही माणसे एकमेकांना एक वाक्य पुरे करू देत नसत.

सर बारामतीच्या आमच्या शाळेत पी.टी. शिकवत आणि मी मराठी. ते मूळचे मोरगावच्या बाजूचे. आजोबा आणि वडील मेंढरे घेऊन मुलूखभर फिरले. सर मात्र पलटणीत गेले, हवालदार झाले आणि लवकर पेन्शनीत निघून बारामतीलगतच्या जळोचीत दोन खोल्या घेऊन राहिले. पलटण बरीच वर्षे कर्नाटकात होती. तिथल्या मेसमधल्या कुणा आचाऱ्याने त्यांना कॉफीचा नाद लावला. बाकीचे जवान घरी येताना ट्रंकेतून घोंगडी आणि रमच्या बाटल्या आणत, सरांनी कॉफीच्या बिया आणल्या. आईने त्या चवळी समजून भिजत घातल्या होत्या, असे ते स्वतःच सांगत.

आमच्या शाळेत दोन प्रकारचे शिक्षक होते, कायम आणि हंगामी. हंगामी हा शब्द आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्यांना, गळिताच्या कामगारांना आणि कोळेकर सरांना लागू होता. टोळ्यांचा हंगाम निदान उन्हाळ्यात संपायचा. सरांचा काही केल्या संपत नव्हता. दर जूनला हेडसर त्यांना बोलावून नव्याने नेमणूक देत आणि दर एप्रिलला कमी करत. शालनवैनी, म्हणजे सरांच्या पत्नी, प्रत्येक बेत "हे कायम झाले की" अशी सुरुवात करूनच सांगत. हे कायम झाले की मंगलला पुढच्या शिक्षणाला पुण्याला ठेवायची, हे कायम झाले की भाड्याचे घर सोडायचे. मंगल, त्यांची थोरली, तेव्हा नववीत होती आणि तिने एव्हाना पुण्यातल्या वसतिगृहाची स्वप्ने बघायला सुरुवातही केली होती.

दर हिवाळ्यात स्काउटचे शिबिर फुगवट्याकाठी लागे. सर शिबिरप्रमुख आणि माझे काम संध्याकाळी संस्कार करण्याचे. एकदा सरांची आई तंबू बघायला आली होती. काठी टेकत तिने सगळ्या तंबूंना एक फेरी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आमी जल्मभर माळावर निजलो, तवा लोक म्हनायचे, ह्यांना घर ना दार. आता ह्यो शिकल्याली पोरं घिऊन निजतोय, तर म्हनं क्यांप!" सर खो खो हसले आणि म्हणाले, "आये, तवा आपल्याकडं शिट्टी नव्हती."

त्यांची कॉफी मात्र हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. बिया घरच्या तव्यावर भाजायच्या, खलबत्त्यात जाडसर कुटायच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायच्या. चुलीचे तोंड वाऱ्याकडे. लाकूड बाभळीचे आणि खडखडीत वाळलेले. उसाचे पाचट कुणी चुलीजवळ आणले तर सर त्याला तंबूच्या दोऱ्या तपासायला पाठवून देत, कारण पाचटाचा धूर म्हणे पाण्यात उतरतो. पाणी फुगवट्यातले नाही, वरच्या विहिरीतले. ते खळखळ उकळले की पातेले खाली उतरवायचे, थोडा दम धरायचा, मग पूड टाकायची, एकदाच ढवळायचे आणि झाकण. शेवटी गार पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून हलक्या हाताने गाळायची. दूध हवे त्याने कपात वेगळे घ्यावे, त्याला सरांची ना नसे. झाकण उघडून बघणाऱ्यावर मात्र त्यांचा राग. "सारखं झाकन उचालनारा मानूस संसारात बी तसंच करतो," असे ते माझ्याकडे बघून म्हणत.

आणि साखर बिलकूल नाही.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. आमचा भाग उसाचा. इथे पाहुण्याच्या कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर दिसली नाही तर घरधनी अपमानाने अर्धा होतो. माझ्या एका मेहुण्याची ठरत आलेली सोयरीक काटेवाडीत मोडली, कारण मुलीकडचा चहा अगोड निघाला. मंडळी उठताना म्हणाली, आत्ताच हात आखडतायत, लग्नात काय करतील? कारखान्याची साखर घरात असताना ती कमी घालणे म्हणजे माणसावरची माया कमी होण्यासारखे. अशा मुलखात हा गृहस्थ कपभर कडू पाणी हातात देऊन वर विचारायचा, "कशी झालीय?" कुणी साखर मागितली की म्हणायचा, "साखर टाकली की समदं झाकून जातं. कॉफी चांगली झाली का वाईट, कळनार कसं? वाईट झाली तर मला शिव्या द्या, पर साखर मागू नका."

एका वर्षी शिबिराला रंगरावआबा येणार असे ठरले. आबा आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, शिवाय एका साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांच्या सहीशिवाय संस्थेत पिंपळाचे पानही कायम होत नसे. हेडसर आदल्या दिवशीच तंबूत येऊन बसले. "कोळेकर, तुमच्या कायमच्या ऑर्डरवर सही आबांची लागते. उद्या तेवढी साखर घाला. तत्त्वं काय, परवापासून परत सुरू करता येतात."

"सही त्यांची लागती सर, पर कॉफी माझी लागती."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिले. मी तंबूच्या छताकडे पाहिले.

आबा आले ते तीन जीपगाड्यांतून. फेटे, हार, नारळ झाले. कॉफी झाकून सर पुढच्या पातेल्यासाठी वाळके लाकूड आणायला वर गेले आणि हेडसरांनी डाव साधला. खिशातून पुडी काढून त्यांनी पातेल्यात दोन मुठी साखर ओतली. एक मूठ आदराची आणि दुसरी, मला वाटते, स्वतःच्या खुर्चीची. झाकण मात्र त्यांनी उलटे ठेवले. सरांनी परत येऊन झाकण पाहिले, चमचाभर चाखली, आणि दुसऱ्या क्षणी सगळे पातेले आबांच्या कोल्हापुरी चपलांपासून वीतभर अंतरावर मातीत उपडे केले.

काठावरचे बगळेसुद्धा दचकून उडाले.

"आबा, ह्यात चूक झाली. दुसरी टाकतो. दम धरा."

आबांना दम धरायला सांगणारा माणूस आमच्या तालुक्यात तोवर जन्मला नव्हता. मंत्र्यांनी त्यांच्यासाठी सभा थांबवल्या होत्या आणि भटजींनी मुहूर्त पुढे ढकलले होते. तेच आबा एका खडकावर बसून विहिरीचे पाणी येण्याची, ते तापण्याची, ते उतरण्याची वाट बघू लागले. हेडसरांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. मध्येच आबांनी काही बोलायला तोंड उघडले, तर सर झाकणावर हात ठेवून म्हणाले, "निवळू द्या." आबांनी तोंड मिटले. मी मनातल्या मनात शालनवैनींना आणि पुण्याच्या वसतिगृहाला शेवटचा नमस्कार केला.

आबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग कप पुढे केला. "हवालदार, आनिक हाय का?"

सगळी मंडळी रोहित पक्षी बघायला काठाने पुढे गेली तेव्हा आबा चुलीपाशीच राहिले. मी फडके पिळत होतो, सर गाळ टाकत होते. आबा आवाज खाली आणून म्हणाले, "लई वर्सांनी धड एक कप पोटात गेला. डॉक्टरनं माझी साखर बंद केलीया. शुगर हाय मला. पर रोज जाईन त्या घरी गोड चा प्यावा लागतो. नको म्हनलं की म्हनत्यात, आबा, आमचं काय चुकलं? आन् कारखान्याच्या चेअरमनलाच साखर चालंना म्हनल्यावर सभासद काय म्हनतील? तुमी दोघांनी ह्ये ऐकलं न्हाय."

"काय ऐकलं न्हाय, आबा," सर म्हणाले आणि चुलीवर माती लोटू लागले.

जाताना आबा हेडसरांना मोठ्याने म्हणाले, "हवालदाराची ऑर्डर जूनला काढा." त्या रात्री सरांनी मला तिसरा कप दिला. एरवी ते दोनच्या वर कुणाला देत नसत.

पुढचे काही महिने आमच्या भागात जे घडले ते लिहिताना आजही हसू येते. आबा बिनसाखरेची कॉफी पितात, ही बातमी कालव्याच्या पाण्यापेक्षा लवकर शेवटच्या गावापर्यंत पोचली. संचालकांनी साखर सोडली. मग सोसायट्यांच्या चेअरमन लोकांनी सोडली. ज्यांना आबांकडून काही हवे होते ते सगळे तोंड वाकडे न करता कडू कॉफी प्यायची सवय करू लागले. इंदापूरच्या एका लग्नात आबांच्या पंगतीला अशी कॉफी आली की जिलबी पानात असूनही माणसे रडवेली झाली. हेडसरांनी पुण्याहून पितळी फिल्टर आणला आणि त्यात चहा करून पाहिला. सरांना सगळीकडून दाखवायला बोलावत. ते एक घोट घेत आणि म्हणत, "ही कॉफी न्हाय. म्हशीला पोट फुगल्यावर देत्यात, त्यातलं हाय कायतरी." तरी लोक पीत राहिले. आबांच्या शेतात, कालव्याच्या कडेला, आता आठवड्यातून एखादी संध्याकाळ सरांची चूल पेटू लागली. आबा घोंगडीवर बसत, झाकणाकडे बघत आणि गप्प राहत. ऑर्डर जूनची होती, ती "सभा झाली की काढू" वर आली.

सभा म्हणजे कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा. त्या वर्षी विरोधी पॅनेलला मुद्दा सापडत नव्हता, तो आम्हीच पुरवला होता. मांडव खच्चून भरलेला. अहवालाचे वाचन चालू असताना मागून एक सभासद उठला आणि ओरडला, "त्यो अहवाल ऱ्हाऊ द्या! चेअरमन आपल्याच कारखान्याची साखर का खात न्हाईत, त्ये सांगा! साखरंत असं काय घालताय, की तुमाला ती चालंना?"

मांडवात कल्लोळ झाला. "व्हय, सांगा!" "आमच्या पोरांनी खायाची आन् तुमी न्हाय?" आबा उभे राहिले, पण त्यांना शब्द सुचेना. इतक्या वर्षांत मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. खरे सांगितले असते तर दोन वाक्यांत प्रश्न मिटला असता. पण ती दोन वाक्ये त्यांच्या तोंडून निघेनात. तेवढ्यात कुणीतरी मांडवामागे आबांसाठी चूल मांडून बसलेल्या सरांकडे बोट दाखवले. "त्यो बघा कॉफीवाला! त्यालाच इचारा!"

सर हात पुसत मंचावर चढले. माइकशी त्यांचा संबंध कवायतीपुरता, त्यामुळे आवाज सगळ्या मांडवावर आदळला. "आबा साखर मागत्यात. दर डावाला मागत्यात. मी देत न्हाय. माझ्या कॉफीत साखर पडत न्हाय, मग समोर कोन बी असू दे. चूक असंल तर माझी हाय, आबांची न्हाय."

आधी हशा झाला आणि मग संताप. शेतकऱ्याच्या घामाच्या साखरेला हा हंगामी मास्तर नाही म्हणतो! "काढून टाका त्याला!" सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबांनी सरांकडे पाहिले. सर सावधान उभे होते, नजर समोर. मला वाटले, आता आबा बोलतील. आबा बोललेच. "मंडळी, साखरंचा आपमान म्हंजी सभासदाचा आपमान! आसल्या मानसाला आपल्या संस्थेत कायम जागा मिळनार न्हाय, ह्यो माझा शबुद हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग आबांनी मंचावर चहा मागवला, वर दोन चमचे साखर सगळ्यांना दिसेल अशी घालून घेतली आणि उभ्याने प्याले. लोकांना ते इतके आवडले की त्यांनी आणखी एक कप प्यायला लावला. आठवड्याभराने अतिश्रमामुळे थकवा आल्याने आबा पुण्यात विश्रांती घेत असल्याचे पेपरात आले.

मी त्या संध्याकाळी सरांना माझ्या लूनावर मागे बसवून जळोचीला सोडले. माझे डोके तापले होते. "सर, एक शब्द बोलला असतात तर! शुगर आहे म्हणाला असतात तर संपलं होतं!"

ते मागून म्हणाले, "जगताप सर, मानसाचं दुखनं माइकवर सांगायचं असतं व्हय? त्येचं त्येनं सांगावं."

"आणि मंगलचं पुणं?"

तोवर जळोची आली होती. घरी शालनवैनींना बातमी आधीच कळली होती. त्यांनी मला चहा दिला, सरांना दिला नाही. मंगल पुढे बारामतीतच शिकली आणि चांगली शिकली, पण त्या दिवशी तिने दाराआडून बापाकडे कसे पाहिले ते मी विसरलेलो नाही.

त्या हिवाळ्यात शिबिर नेहमीसारखे लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे एक जीप आली, फेटेवाले नाहीत, हार नाहीत. आबा एकटेच उतरले. वाळले होते. त्याच खडकावर बसले. "हवालदार, राग हाय का?"

"रागात कॉफी बिघडती आबा. बसा."

"तुझी ऑर्डर..."

"निवळू द्या," सर म्हणाले आणि झाकण ठेवले. आबा गप्प बसले. नंतर ते दर हिवाळ्यात येत राहिले, आणि ऑर्डर काही आली नाही. दिलेला शब्द मागे घेतला तर सभासद काय म्हणतील, असे त्यांना वाटत असणार. सरांनी एकदाही आठवण करून दिली नाही. मला सरांचा तेव्हा राग यायचा. आजही कधीकधी येतो.

नव्वदचे दशक संपता संपता, एका उन्हाळ्यात, सर घरीच झोपेत गेले. एप्रिल संपला होता, म्हणजे नियमाप्रमाणे ते तेव्हा आमचे शिक्षक नव्हते. हंगामी माणूस हंगामाबाहेर गेल्यास शोकसभा घ्यावी की नाही, यावर हेडसरांनी दोन दिवस विचार केला. आबा स्वतः येतो म्हणाले तेव्हा लगेच घ्यायची ठरली.

शिक्षकांच्या खोलीत फोटोला हार घातला होता. शालनवैनी आणि मंगल कोपऱ्यात बसल्या होत्या. हेडसर गहिवरून म्हणाले, "कोळेकर सर फार गोड माणूस. त्यांच्या आठवणीसाठी आज आपण त्यांची आवडती कॉफी करतो आहोत." शिपायाने मोठी किटली आणली. वाफेबरोबर वास आला तो सरळ पाकाचा. बशीत वेगळी साखरही ठेवली होती, आबांसाठी.

मी तोवर आयुष्यात कुणासमोर काही उपडे केले नव्हते. उठलो, किटली उचलली, अंगणात गेलो आणि लिंबाच्या झाडाखाली सगळी ओतून टाकली. मग तीन विटा मांडल्या. मंगल कधी बाहेर आली कळले नाही. तिने पिशवीतून वडिलांचा कॉफीचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आतून हेडसर धावत आले. "जगताप, अहो, आबा थांबलेत!"

"निवळू द्या," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

सगळे बाहेर येऊन उभे राहिले. पाणी उकळले, उतरवले, पूड टाकली, झाकण ठेवले. शिपाई साखरेची बशी घेऊन आबांजवळ गेला तेव्हा आबांनी ती हाताने बाजूला सारली. सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मला नको. मला शुगर हाय. लई वर्सं झाली. ह्या मानसाला ठावं हुतं, आन् त्यानं माझ्यापायी त्वांड उघडलं न्हाय." मग ते शालनवैनींकडे वळले. त्यांनी नुसते हात जोडले. वैनींनी पदर डोळ्याला लावला. हात काही जोडले नाहीत.

मग हेडसर पुढे झाले आणि म्हणाले, "मलाही आहे, आबा. सांगितलं नव्हतं इतकंच." त्यांच्यामागून गणिताचे सर म्हणाले, त्यांनाही थोडी आहे. संस्थेच्या सचिवांना तर म्हणे लहानपणापासून होती.

मी झाकणावर हात ठेवला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितले. कॉफी अजून निवळायची होती.